तीन बेटांच्या मागे लागू नका, एक धड बघा

पत्र आलंय बेळगावच्या शहापुरातून. थोडं आटपतं घेऊन देतो:

"आम्ही पाचजण. मिस्टर उद्यमबागेत नोकरीला, मी घरी शिकवण्या घेते. थोरला साडेचार वर्षांचा, एलकेजीत. धाकटी चौदा महिन्यांची. सासूबाई सदुसष्ट वर्षांच्या, गुडघे दुखतात पण हौस दांडगी. दसऱ्याच्या सुट्टीत क्रूझनं बेटं बघायला जावं असं सगळ्यांच्या मनात आहे. एजंटनं तीन पत्रकं दिलीत: मुंबईहून लक्षद्वीप, कोचीहून लक्षद्वीपची सरकारी बोट, आणि सिंगापूरहून पेनांग-फुकेत, चार रात्री. बजेट ओढूनताणून साडेचार लाख. एजंट म्हणतो, बाळ फुकट, कसली काळजी करू नका. मला मात्र काळजीच काळजी. कुठलं घ्यावं?"

ताई, तिसरं पत्रक ठेवा, बाकीची दोन धाकटी चार वर्षांची होईपर्यंत कपाटात जाऊ देत. आणि दसरा सोडा, जानेवारी धरा. आता का ते सांगतो.

लक्षद्वीप सुंदर आहे यात वाद नाही. पण तिथं बेटावर कसं उतरतात ते पत्रकातल्या फोटोत दिसत नाही. बेटांभोवती प्रवाळाची कडी आणि आत उथळ पाणी, त्यामुळे मोठं जहाज बाहेर खोल पाण्यात उभं राहतं आणि माणसं जहाजाच्या कुशीतल्या दारातून छोट्या होडीत उतरतात. होडी लाटेवर वर-खाली होत असते. खलाशी दंडाला धरतात, होडी वर आली की "आता" म्हणतात, त्या क्षणी पाय टाकायचा. तरण्याताठ्या माणसाला ही गंमत आहे. कडेवर बाळ असलेल्या आईला आणि गुडघे धरणाऱ्या सासूबाईंना ती गंमत नाही, आणि ती प्रत्येक बेटाला दोनदा करायची: जाताना आणि येताना. कोचीहून निघणाऱ्या एम. व्ही. कवरत्तीवरची 'समुद्रम' सहल पाच दिवसांची. कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय अशी तीन बेटं, दिवसा बेटावर आणि रात्री जहाजात. म्हणजे हा खेळ सहा वेळा. शिवाय समुद्र चढला की उतरणंच रद्द होतं आणि बेट लांबून बघून परतावं लागतं. त्यात लक्षद्वीपला जायला भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. तो बहुतेक वेळा सहलवाले काढून देतात, पण कागद वेळेत द्यावे लागतात.

मलेशियातल्या पेनांगला तसं नाही. तिथं जहाज जॉर्जटाउन शहराच्या स्वेटनहॅम धक्क्यालाच लागतं. शिडीवरून उतरलं, बाबागाडी उघडली, चालायला लागलं. थायलंडच्या फुकेतला बऱ्याचदा जहाज पाटाँगच्या किनाऱ्यासमोर नांगर टाकतं आणि तिथं छोट्या बोटीनंच जावं लागतं, तेवढी एक अडचण राहते. तिचं पुढं बघू. दुसरं कारण भूगोलाचं. सिंगापूर ते पेनांग हा सगळा रस्ता मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जातो. पश्चिमेला सुमात्रा बेट भिंतीसारखं आडवं पडलंय, त्यामुळे हिंदी महासागराची लांबलचक लाट आत येत नाही. फुकेत जवळ आलं की थोडं हलतं. पहिल्यांदाच जहाजावर झोपणाऱ्या पोरांना असं पाणी बरं.

आता दसऱ्याचं. आपल्याकडे शाळा कर्नाटकच्या, मोठी सुट्टी दसऱ्याला. चंदगड-कोल्हापूरच्या भावंडांना दिवाळीला. सुट्टी मिळते म्हणून ऑक्टोबर धरायचा मोह होतो, हे समजतं. पण फुकेतचा किनारा पश्चिमेकडं तोंड करून आहे, नैऋत्य मोसमी वारा त्याला मे ते ऑक्टोबर झोडपतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे तिथले सर्वांत ओले महिने. पाटाँगला तेव्हा लाल झेंडे लागतात, पोहायला बंदी असते, बोटी रद्द होतात. लक्षद्वीपकडंही पावसाळा नुकताच मागे सरत असतो, समुद्र पुरता निवळलेला नसतो. डिसेंबर ते मार्च वारा उलट दिशेनं वाहतो, फुकेतवर आकाश कोरडं आणि पाणी शांत. त्यातही चिनी नववर्षाचा आठवडा टाळा. ते दरवर्षी 21 जानेवारी ते 20 फेब्रुवारी यांच्या दरम्यान फिरतं, आणि त्या आठवड्यात भाडी चढतात. एलकेजीचं पोर जानेवारीत आठ दिवस शाळेला गेलं नाही तर काही बिघडत नाही. बाईंना आधी एक चिठ्ठी द्या, झालं.

जानेवारीचा आणखी एक फायदा: धाकटी तेव्हा एकवीस महिन्यांची असेल. दोन वर्षं पुरी व्हायच्या आत विमानात तिला मांडीवरचं, कमी भाड्याचं तिकीट लागतं. परतीच्या तारखेलाही ती दोनच्या आतच हवी, म्हणून सहल मार्चच्या पुढं ढकलू नका. क्रूझवर बहुतेक कंपन्या सहा महिन्यांवरचं मूल घेतात. सलग तीन किंवा जास्त दिवस जहाज समुद्रातच असेल तर बारा महिन्यांची अट घालतात. तुम्ही दोन्हीत बसता.

सगळ्यात आधी कागद, आणि कागदात आधी धाकटीचा जन्मदाखला. तो आजच काढून बघा. त्यात तिचं नाव आहे का? आपल्याकडे दवाखान्यातून नोंद होते तेव्हा बारसं झालेलं नसतं, त्यामुळे दाखल्यावर नावाची जागा रिकामी राहते आणि कुणाच्या ध्यानात येत नाही. जन्मानंतर बारा महिन्यांच्या आत नाव फुकट घालता येतं. ती मुदत तुमची टळली असेल तर विलंब शुल्क भरून घालता येतं. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो, आधार चालत नाही. तेव्हा यातून पळवाट नाही.

मग स्पेलिंग. सीमाभागात हा आजार घरोघरी आहे. एकच आडनाव मराठी शाळेच्या दाखल्यावर एका पद्धतीनं, कन्नडातून इंग्रजीत गेलेल्या कागदावर दुसऱ्या पद्धतीनं, आणि आधारवर आडनावाच्या जागी नुसतं आद्याक्षर. बाळाच्या दाखल्यावर आई-वडिलांची नावं तुमच्या दोघांच्या पासपोर्टप्रमाणे अक्षर न् अक्षर जुळतात का ते एका कागदावर खाली-वर लिहून ताडून बघा. तुमच्या पासपोर्टवर माहेरचं नाव असेल आणि दाखल्यावर सासरचं, तर लग्नाचा दाखला बरोबर लागेल. न जुळल्यास बाळाचा दाखला दुरुस्त करणं सोपं की तुमचा पासपोर्ट, हे आधी ठरवा. दोन्हीला वेळ जातो.

अल्पवयीन मुलाच्या अर्जाला दोन्ही पालकांच्या सह्यांचं प्रतिज्ञापत्र, म्हणजे जोडपत्र 'डी', लागतं. चार वर्षांखालच्या मुलाचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो घरून न्यावा लागतो, केंद्रावर काढत नाहीत. थोरल्याचा तिथं काढतात. भेटीची वेळ बेळगावच्या टपाल खात्याच्या पासपोर्ट केंद्रात लांबची मिळाली तर हुबळीच्या पासपोर्ट सेवा केंद्रात बघा. 36 पानी पासपोर्टची फी मुलांना 1000 रुपये, मोठ्यांना 1500. आठ वर्षांखालच्यांना नव्या अर्जावर दहा टक्के सूट. मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो. सासूबाईंचा जुना असेल तर परतीच्या तारखेनंतर सहा महिने मुदत उरते का बघा. पाचही पासपोर्ट हातात आल्याशिवाय परत न मिळणारे पैसे कुणालाही भरू नका, कारण बुकिंगवरचं नाव पासपोर्टबरहुकूम लागतं.

सिंगापूरचा व्हिसा लागतो, तो अधिकृत एजंटामार्फत होतो. एजंटाला एक गोष्ट ठासून विचारा: व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेशाचा आहे ना? तुम्ही सिंगापुरात दोनदा शिरणार, एकदा विमानानं आणि एकदा जहाजानं. एकदाच प्रवेशाचा असला तर परतीला धक्क्यावर अडकाल. मलेशिया आणि थायलंडनं भारतीयांसाठी व्हिसाचे नियम अलीकडं सैल केलेत, पण या सवलतींच्या मुदती बदलत असतात. बुकिंगच्या आठवड्यात त्या देशांच्या सरकारी संकेतस्थळावर बघूनच पैसे भरा. तिन्ही देशांचे आगमनाचे ऑनलाइन फॉर्म असतात, पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचे. ते फुकट आहेत. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते सरकारी नव्हे.

"बाळ फुकट" हे एजंटचं वाक्य खोडून टाका. जहाजावर माणसं मोजतात ती जीवरक्षक होड्यांतल्या जागांवरून, आणि त्या मोजणीत चौदा महिन्यांचं बाळही एक अख्खं माणूस. भाडं माफ असलं तरी बंदर शुल्क आणि कर लागतातच. आणि साधी केबिन जास्तीत जास्त चौघांची, म्हणून तुम्हा पाचजणांना दोन केबिन घ्याव्या लागणार. वाईट नाही, उलट चांगलं: मधल्या दारानं जोडलेल्या दोन केबिन मागा. एकीत तुम्ही दोघं आणि धाकटी, दुसरीत सासूबाई आणि थोरला. रात्री बाळ रडलं तर दोघांची झोप वाचते. चारजणांच्या केबिनमध्ये वरचे दोन पलंग छताला दुमडलेले असतात, शिडीनं चढायचे. सहा वर्षांखालच्या पोराला तिथं झोपवायचं नाही. बाळाचा पाळणा बुकिंगच्या वेळीच लेखी मागा, जहाजावर गेल्यावर मागितला तर संपलेला असतो.

केबिन कुठली? खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधोमध, लिफ्टजवळ. झोका जसा टोकाला जास्त हलतो तसं जहाज नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, आणि मागच्या टोकाला जास्त हलतं, आणि उंचावर आणखी. एजंट वरच्या मजल्यावरची बाल्कनी गळ्यात मारू बघेल. नको. बाल्कनी असली की खुर्ची कठड्यापाशी सरकवून त्यावर चढणारं साडेचार वर्षांचं पोर चोवीस तास राखावं लागतं. खिडकीची केबिन घ्या, उजेड मिळतो आणि जीवाला घोर नाही.

पैशांचं गणित भाड्यावर थांबत नाही. बऱ्याच कंपन्या सेवाशुल्क, म्हणजे कर्मचाऱ्यांची बक्षिसी, माणशी रोज साधारण 16 ते 20 अमेरिकन डॉलर लावतात, आणि मुलांनाही. अठरा धरले तर पाच माणसं, चार रात्री: 360 डॉलर, म्हणजे तीस हजारांच्या वर, जहाजावरच्या खात्यात. पत्रकात हा आकडा सापडला तर भाग्य. तो आधीच भरता येतो का विचारा. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्यानं आगाऊ वसूल करायचा आयकर, कापला जातो. तो आयकर विवरणपत्र भरताना वळता होतो, पण आत्ता खिशातून जातो. विमा घेताना 'क्रूझ' आणि 'वैद्यकीय कारणासाठी हलवणं' हे दोन शब्द पॉलिसीत आहेत का ते वाचा. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचं बिल डॉलरमध्ये असतं. साडेचार लाखांतले साठ हजार बाजूला काढून ठेवा आणि उरलेल्यात तिकिटं, केबिन, आणि सिंगापुरातल्या दोन रात्री बसवा.

दोन रात्री म्हणतो ते मुद्दाम. एक जाताना, एक येताना. जहाज सुटायच्या दिवशी सकाळी विमानानं पोहोचायचं, असा बेत करू नका. आपल्या सांबरा विमानतळावरून सिंगापूरला थेट विमान नाही, बंगळूर किंवा मुंबई गाठावी लागते. जानेवारीत बंगळूरच्या देवनहळ्ळी विमानतळावर पहाटे धुकं पडतं आणि विमानं अडकतात. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्रभर झोपून जा, नाहीतर सकाळच्या वंदे भारतनं दुपारी बंगळुरात उतरा. स्टेशनापासून विमानतळ पस्तीस-चाळीस किलोमीटर आहे आणि संध्याकाळच्या वाहतुकीत दोन तास सहज जातात. तिथून थेट विमानाला साडेचार तासांच्या आसपास लागतात. उतरताना धाकटीला काहीतरी चोखायला द्या, कान दुखत नाहीत.

सिंगापुरात क्रूझची दोन टर्मिनल आहेत, मरीना बे आणि हार्बरफ्रंट. तिकिटावर कुठलं ते बघून टॅक्सीला सांगा. नुसतं "क्रूझ" म्हटलं की माणसं भलतीकडं पोहोचतात. ॲपवरून मागवलेल्या खासगी गाडीत लहान मुलांना बालआसन सक्तीचं आहे, साध्या टॅक्सीला त्यातून सूट आहे. पण साध्या टॅक्सीत चौघंच, म्हणून सहा आसनी मागा. जहाज सुटण्याच्या एक ते दीड तास आधी चेक-इन बंद होतं.

सामानात एक गोष्ट सासूबाईंना आत्ताच सांगून ठेवा: खसखस नाही. सिंगापुरात खसखस अमली पदार्थांच्या कायद्याखाली बंदी असलेल्या मालात येते. म्हणजे अनारसे नाहीत, खसखस घातलेले डिंकाचे लाडू नाहीत. चुइंगगमही नेता येत नाही. घरचं शिजवलेलं अन्न जहाजावर चढू देत नाहीत, तेव्हा कुंद्याचा डबाही घरीच. बंद पाकिटातला सुका खाऊ आणि बाळाचं अन्न साधारणपणे चालतं. नाचणी सत्त्वाचं पाकीट, मुरमुरे, राजगिऱ्याच्या वड्या, दुधाचे 200 मिलीचे टेट्रापॅक असं न्या. किटली, इस्त्री, एक्स्टेन्शन बोर्ड काढून घेतात, आगीच्या भीतीनं. त्यामुळे केबिनमध्ये पेज शिजवायचा विचार सोडा. सत्त्व घट्ट कालवून थर्मासमध्ये ठेवा आणि जेवणाच्या हॉलमधलं उकळतं पाणी ओता.

डायपरचा हिशोब: रोज पाच, आठ दिवस, चाळीस, आणि पोट बिघडलं तर दहा जास्त. पन्नास न्या, जहाजावरच्या दुकानात भाव ऐकून चक्कर येते. प्लॅस्टिकचा मग न्याच. केबिनच्या न्हाणीघरात बादली नसते, तांब्या नसतो, असतो तो वरून कोसळणारा फवारा, आणि पोरं त्याला घाबरून किंचाळतात. केबिनच्या भिंती लोखंडी असतात, चार-सहा चुंबकी हूक नेले तर ओले कपडे टांगता येतात. बाबागाडी छत्रीसारखी मिटणारी, अरुंद. केबिनचं दार जेमतेम दोन फूट. आणि स्वेटर-कानटोपी. उष्ण देशात चाललोय म्हणून ती काढून ठेवू नका, जहाजाच्या आतला एसी आपल्या डिसेंबरातल्या पहाटेसारखा असतो.

जहाजावर चढताना मोठ्या बॅगा धक्क्यावरच घेतात आणि केबिनच्या दाराशी त्या संध्याकाळी, कधी रात्री आठला येतात. पासपोर्ट, औषधं, दहा डायपर, दूध, पोरांचा एक-एक कपड्यांचा जोड आणि थोरल्याचा पोहण्याचा पोशाख पाठीवरच्या पिशवीत ठेवा. पासपोर्ट मोठ्या बॅगेत घालून धक्क्यावर घाम पुसणारं कुटुंब प्रत्येक फेरीला एक असतंच.

चढल्यावर सगळ्यात आधी केबिनमधल्या जीवरक्षक जाकिटांकडं बघा. तिथं मोठ्यांचीच असतात. मुलांची 15 ते 43 किलो वजनासाठी वेगळी, 15 किलोच्या आतल्या बाळांची त्याहून वेगळी; आंतरराष्ट्रीय नियमानुसार जहाजावरच्या प्रत्येक मुलासाठी ती असावीच लागतात. केबिन सांभाळणाऱ्याला दोन्ही आणून द्यायला सांगा आणि एकदा घालून बघा. थोरला पंधरा किलोच्या आसपास असेल तर त्याचं वजन घरून करून जा. 2012 साली कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ इटलीजवळ बुडाली तेव्हा नव्यानं चढलेल्यांची बचावाची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी ती सक्तीची झाली. बाळ झोपलंय म्हणून चुकवू नका. संकटात आपला जमायचा कोपरा कुठला, तिथं जिन्यानं कसं जायचं हे सासूबाईंना घेऊन एकदा चालून बघा, कारण आग लागल्यावर लिफ्ट चालत नाही.

जहाजावरच्या मुलांच्या दुखापतींत बोटं चेमटणं नेहमीचं. दारं जड, आपोआप मिटणारी. न्हाणीघराचा उंबरा उंच. थोरल्याला पहिल्याच तासात दाराची मूठ सोडून कुठंही हात ठेवायचा नाही हे करून दाखवा.

तलावाचं दुःख आधीच पचवून घ्या. डायपरमधल्या मुलांना मोठ्या जहाजांच्या तलावात उतरू देत नाहीत, पोहण्याचे खास डायपर असले तरी नाही. ते डायपर घट्ट शी अडवतात, पातळ नाही, आणि एका पोरामुळे सगळा तलाव रिकामा करावा लागतो. काही जहाजांवर बाळांसाठी वेगळी फवाऱ्यांची जागा असते. बुकिंगच्या आधी विचारा. थोरल्याच्या बाबतीत, तलावावर जीवरक्षक असेलच असं धरू नका. हात लांब केला की पोर हाताला लागलं पाहिजे, एवढ्या अंतरावर एक मोठं माणूस, आणि त्याच्या हातात मोबाइल नाही.

मुलांच्या क्लबात तीन वर्षांवरची आणि शी-शू सांगणारी मुलं घेतात. थोरला बसतो, नाव पहिल्या दिवशीच नोंदवा. तो घरी मराठी आणि गल्लीत कन्नड बोलणारा असेल तर "शूला जायचंय", "पाणी हवं", "आई हवी" एवढं इंग्रजीत पाठ करून न्या.

समुद्र लागण्याचा त्रास दोन वर्षांखालच्यांना क्वचित होतो. चार ते बारा हे वय सगळ्यात नाजूक. म्हणजे काळजी थोरल्याची. आपल्याकडे दुकानात सहज मिळणारी प्रोमेथाझिनची गोळी दोन वर्षांखाली अजिबात द्यायची नाही, श्वास मंदावण्याचा धोका असतो. थोरल्यासाठी तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून औषध आणि वजनाप्रमाणे मात्रा लिहून आणा, आणि घरी एकदा देऊन बघा: काही मुलं झोपण्याऐवजी उड्या मारायला लागतात. औषध हलायला लागण्याच्या तासभर आधी द्यायचं; उलटी सुरू झाल्यावर दिलेली गोळी उलटीबरोबर बाहेर येते. तोवर त्याला उघड्या डेकवर, जहाजाच्या मध्यभागी, क्षितिजाकडं तोंड करून उभं करा. आलेपाकाची वडी आणि कोरडी बिस्किटं चालतात. मोबाइलवर कार्टून लावून दिलं की हमखास उलटी.

पोट बिघडण्याचं मुख्य कारण नोरोव्हायरस, आणि त्याला हात पुसायचं सॅनिटायझर फारसं मारत नाही. जेवणाआधी साबणानं वीस सेकंद हात, प्रत्येक वेळी. ओआरएसची मोठी पाकिटं न्या, एक लिटर पाण्यात एक. अर्धं पाकीट अंदाजानं ग्लासात घातलं की क्षार जास्त होतात. दोन वर्षांखाली प्रत्येक जुलाबामागं 50 ते 100 मिली, दोन वर्षांवरच्यांना 100 ते 200 मिली, चमच्याचमच्यानं. फळाच्या चवीचा गोड टेट्रापॅक म्हणजे ओआरएस नव्हे, त्यानं जुलाब वाढतात. बुफेत वाफ येत असलेलं घ्या. तासभर मांडून ठेवलेला कापलेल्या फळांचा ढीग सोडा. सिंगापूरहून निघणाऱ्या जहाजांवर भारतीय प्रवासी पुष्कळ असतात, त्यामुळे डाळ-भात-दही बहुधा मिळतंच. सासूबाईंच्या संकष्टीला उकडलेले बटाटे, दही, फळं आहेत, साबुदाणा नाही.

आता बेटं. सकाळी दार उघडताक्षणी, साडेआठच्या सुमाराला उतरा आणि साडेअकराला परत या. धाकटीची दुपारची झोप केबिनमध्ये झाली पाहिजे. ती मोडली की संध्याकाळ सगळ्यांची जाते. आणि दुपारी बाकीचं जहाज किनाऱ्यावर गेलेलं असतं, तलाव थोरल्याला एकट्याला मिळतो. पेनांगला धक्क्यापासून फोर्ट कॉर्नवॉलिस जवळच, आणि थोडं पुढं चालत गेलं की तिथलं 'लिटल इंडिया': इडली, फुलांच्या माळा, देवळाची घंटा. सासूबाईंना परदेशात आल्यासारखं वाटणार नाही, पण त्या खूश होतील. जॉर्जटाउनचा हा जुना भाग 2008 पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहे.

फुकेतला फीफी बेटांची स्पीडबोट सहल विकायला माणसं मागे लागतील. नाही म्हणा. ती बोट लाटांवर आपटत जाते, बाळाच्या मानेला आणि सासूबाईंच्या पाठीला ते झेपणारं नाही. पाटाँगलाच उतरा, दोन तास वाळूत खेळू द्या, परत या. छोट्या बोटीत बाळाला झोळीत छातीशी बांधून दोन्ही हात मोकळे ठेवा. बाबागाडी मिटून मिस्टरांकडं. समुद्र हलता असेल तर सासूबाईंनी त्या दिवशी जहाजावरच थांबावं, हे आदल्या रात्री गोडीनं ठरवून ठेवा. किनाऱ्यावर पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा, टोपी, आणि उघड्या अंगाला एसपीएफ 30 च्या वरचं, झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन. निघायच्या अर्धा तास आधी आणि मग दर दोन तासांनी. थायलंडच्या सागरी राष्ट्रीय उद्यानांत ऑक्सिबेन्झोन असलेल्या मलमांना 2021 पासून बंदी आहे, डबीवरची नावं वाचून घ्या. कुत्र्या-माकडांना हात लावू देऊ नका, तिथंही रेबीज आहे.

घड्याळ जहाजाचंच धरा. थायलंड आपल्यापेक्षा दीड तास पुढं, मलेशिया-सिंगापूर अडीच तास. मोबाइल आपोआप तास बदलतो आणि जहाज बदलेलच असं नाही. स्वतःहून फिरायला गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही. मोबाइल जहाज सुटताच विमान मोडवर टाका, तिघा मोठ्यांचे तिन्ही. भर समुद्रात तो जहाजाचं उपग्रह नेटवर्क पकडतो आणि एकही फोन न करता बिल चढतं.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा अकराच्या आत दाराबाहेर ठेवायला सांगतात आणि त्या थेट सिंगापूरच्या धक्क्यावर मिळतात. बाहेर ठेवण्याआधी पाचजणांचे सकाळचे कपडे, चपला आणि सहा डायपर बाजूला काढलेत का, ते मोजून घ्या. नाहीतर थोरला झोपायच्या चड्डीत इमिग्रेशनच्या रांगेत उभा राहील.